तगणे वेगळे, वस्ती करणे वेगळे : आतड्यातील जिवाणू आणि त्यांची ताण-जनुके

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात आणि धायरी, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले आणि ‘जीबीएस’ ही तीन अक्षरे काही आठवडे घराघरांत बोलली गेली. रुग्णसंख्या पुढे २०० च्या वर गेली. अनेक रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाचा रोख दूषित पाण्याकडे वळला. या जिवाणूच्या पृष्ठभागावरील शर्करेच्या साखळ्या आपल्या मज्जातंतूंवरील काही रेणूंशी मिळत्याजुळत्या असतात. जुलाब थांबून एक-दोन आठवडे झाले की शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूऐवजी मज्जातंतूंवरच चालून जाऊ शकते आणि पाय लुळे पडू लागतात. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारातील एका व्यक्तीला असे होते, असा ढोबळ अंदाज आहे.

हा भाग त्या काळात पुष्कळांनी वाचला. त्यामागचा एक प्रश्न मात्र बहुतेक बातम्यांत आला नाही. प्रयोगशाळेत कॅम्पिलोबॅक्टर सांभाळणे हे मोठे कष्टाचे काम असते. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, याला मात्र ५ टक्क्यांच्या आसपासच सोसतो. ३० अंश सेल्सिअसच्या खाली तो वाढत नाही आणि कोरड्या जागी लवकर मरतो. असा नाजूक जीव कोंबडीच्या आतड्यातून बाहेर पडून, थंड पाण्यात दिवस काढून, माणसाच्या जठरातील आम्ल ओलांडून आतड्यात वस्ती कशी करतो? अमेरिकेत स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीत तर अवघ्या ८०० जिवाणूंचा डोसही संसर्गाला पुरला होता. याचे उत्तर जिवाणूंच्या ताण-प्रतिसाद जनुकांपाशी नेते आणि तिथे गेल्यावर पहिल्यांदा वाटते त्यापेक्षा बरेच वेगळे चित्र दिसते.

जिवाणूला ताण कसला?

जिवाणूच्या संदर्भात ताण म्हणजे त्याची रोजची रासायनिक घडी विस्कटून टाकणारी कोणतीही परिस्थिती. पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जाणाऱ्या जिवाणूला असे प्रसंग ठरावीक क्रमाने भेटतात. आधी बाहेरची थंडी आणि उपासमार, मग जठरातील आम्ल, लहान आतड्याच्या सुरुवातीला साबणासारखे काम करणारे पित्त, त्यापुढे आपल्या पेशी सोडत असलेली प्राणवायूची जहाल संयुगे आणि सरतेशेवटी मोठ्या आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेल्या अब्जावधी जिवाणूंशी अन्नासाठी स्पर्धा.

यातले आम्ल किती तीव्र असते, ते आकड्यांत पाहावे. आम्लतेचे माप असलेल्या पीएचमध्ये ७ म्हणजे उदासीन, आणि तिथून एकेक अंक खाली गेले की आम्लता दहापट होते. रिकाम्या जठराचा पीएच दोनच्या आसपास असतो. म्हणजे नळाच्या पाण्यातून घोटाबरोबर आत गेलेल्या जिवाणूभोवतीची आम्लता काही क्षणांत सुमारे एक लाख पट वाढते. या क्षणी लागणारी सामग्री तयार करण्याच्या सूचना ज्या जनुकांत लिहिलेल्या असतात, त्यांना ताण-प्रतिसाद जनुके म्हणतात. पुढे त्यांना नुसते ताण-जनुके म्हणू.

एकाच कळीवर शेकडो जनुके

जनुक पेशीत असणे आणि ते कामाला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनुकातील सूचनेची नक्कल काढणारे एक विकर (एन्झाइम) असते. नक्कल कुठून सुरू करायची हे त्याला स्वतःला ओळखता येत नाही, ते सिग्मा नावाचे प्रथिन दाखवते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूकडे अशी सात सिग्मा प्रथिने आहेत. त्यातले एक रोजच्या वाढीची जनुके दाखवते. दुसरे, आरपीओएस नावाचे, उपासमार, आम्ल, अतिक्षार अशा संकटांत लागणारी जनुके दाखवते. ई. कोलायच्या एकूण जनुकांपैकी सुमारे एक दशांश जनुकांवर या एका प्रथिनाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष अंमल चालतो, म्हणून संशोधक त्याला ताण-प्रतिसादाची मुख्य कळ मानतात.

या कळीची रचना मोठी चतुर आहे. पेशी सुखात वाढत असतानाही आरपीओएस थोडेफार तयार होतच असते, पण ते लगेच कापून टाकणारी यंत्रणाही सोबत चालू असते. त्यामुळे निम्मे आरपीओएस दोनेक मिनिटांत नाहीसे होते. अन्न संपले की ही कापाकापी थांबते आणि प्रथिन साचू लागते. संकट आल्यावर पहिल्यापासून उभारणी करण्याऐवजी फक्त नासाडी थांबवायची, असा हा मार्ग आहे. तो उधळपट्टीचा वाटतो खरा, पण वेळ वाचवतो, आणि पीएच कोसळत असताना वेळेचीच वानवा असते.

आम्लात जिवाणू नेमके काय करतो?

ई. कोलायची आम्लाविरुद्धची सर्वांत प्रभावी युक्ती ग्लुटामेटवर चालते. ग्लुटामेट हे टोमॅटोपासून मांसापर्यंत असंख्य पदार्थांत असणारे अमिनो आम्ल आहे. आम्लता म्हणजे हायड्रोजनच्या धनप्रभारित कणांची गर्दी, आणि हे कण पेशीत घुसले की आतली प्रथिने आकार गमावतात. अशा वेळी पेशीतील गॅड नावाची विकरे ग्लुटामेटच्या एका रेणूवर क्रिया करताना असा एक कण खर्ची घालतात, आणि त्यातून गाबा हा रेणू बनतो. पेशीच्या आवरणातील एक वाहक प्रथिन हा गाबा बाहेर टाकते आणि त्याच्या बदल्यात नवा ग्लुटामेट आत घेते. प्रत्येक फेरीत आतल्या आम्लाचा एक कण कमी होतो. शिवाय आतल्या आणि बाहेरच्या आवरणांमधील पोकळीत हेड नावाची छोटी प्रथिने उघडी पडलेली इतर प्रथिने धरून ठेवतात, म्हणजे त्यांचे गोळे होत नाहीत. एवढ्या तयारीवर ई. कोलाय पीएच २ ते २.५ मध्ये काही तास काढू शकतो. ही सामग्री उभी करण्यात आरपीओएसचा मोठा हात असतो, म्हणून उपाशी, वाढ थांबलेली ई. कोलाय पेशी तुकतुकीत वाढणाऱ्या पेशीपेक्षा आम्लात अधिक तग धरते.

मग जठराचे आम्ल आपले रक्षण करते, हे खोटे का?

खोटे मुळीच नाही. पटकीचा जिवाणू व्हिब्रिओ कॉलेरी आम्लाला फार हळवा आहे. अमेरिकेत स्वयंसेवकांना हा जिवाणू पाजून पाहिलेल्या चाचण्यांत, जठरातील आम्ल तसेच ठेवले तेव्हा आजार होण्यासाठी अब्जावधी जिवाणू लागले. आधी सोडा देऊन आम्ल शमवले, तेव्हा सुमारे १० लाख पुरले. एवढा फरक केवळ एका अडथळ्याचा आहे. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेलाचे संसर्ग अधिक आढळतात, ही पाहणीही याच दिशेने बोट दाखवते. ज्यांना या गोळ्यांची खरोखर गरज आहे त्यांनी त्या परस्पर बंद करू नयेत, पण ‘सकाळी अ‍ॅसिडिटीची एक गोळी’ हा आपल्याकडचा सरसकट रिवाज निरुपद्रवी समजणे योग्य नाही, असे मला वाटते.

शिवाय आम्ल हा अडथळा सदासर्वकाळ सारखा नसतो. जेवणानंतर जठराचा पीएच वर चढतो, अन्नाच्या कणांत दडलेला जिवाणू आम्लापासून काही अंशी वाचतो, आणि घोटभर पाणी रिकाम्या जठरातून लवकर पुढे सरकते.

इतकी उपयोगी जनुके कायम चालू का ठेवत नाहीत?

ही शंका रास्त आहे आणि सगळ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. मृग लागण्याआधी कोकणातल्या घरात आगोटीची बेगमी होते. घर शाकारायचे, लाकूडफाटा रचायचा, मीठ, मसाला, सुकी मासळी भरून ठेवायची. पण घरातले सगळे हात त्यातच गुंतले तर पेरणी राहते, आणि बेगमी कितीही चोख असली तरी शेजाऱ्याचे शेत पुढे जाते. जिवाणूच्या पेशीत हे हात म्हणजे नक्कल काढणारी विकरे. त्यांची संख्या मर्यादित असते आणि सगळी सिग्मा प्रथिने त्यांच्यासाठी एकमेकांशी झगडतात. आरपीओएस साचले की साखर आत ओढणारी आणि पचवणारी जनुके मागे पडतात. पेशी चिवट होते, आणि त्याच वेळी तिची खाण्याची गती मंदावते.

याचा ठसठशीत पुरावा १९९३ साली अमेरिकेतील हार्वर्डमधील एका गटाने मांडला. ई. कोलायचे द्रव संवर्धन त्यांनी अन्न संपल्यावर दहा दिवस तसेच ठेवले. त्यातून जगलेल्या पेशी ताज्या संवर्धनात मिसळल्या, तर त्या जुन्या पेशींनी ताज्या पेशींना हटवून जागा बळकावली. या जुन्या पेशींत बदल कुठे झाला होता? खुद्द आरपीओएसच्या जनुकात, आणि तोही त्याचे काम मंदावणारा. म्हणजे दीर्घ उपासमारीत ताण-प्रतिसादाची मुख्य कळ सैल झालेल्या पेशीच सरस ठरल्या, कारण मरणाऱ्या शेजाऱ्यांमधून झिरपणारे तुटपुंजे अन्न त्या अधिक चपळाईने उचलत होत्या. ही गोष्ट त्या वेळी अनेकांना उफराटी वाटली असेल, आणि आजही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती वाटतेच.

एकाच कळीचे दोन उलट निकाल

काचेच्या चंबूतले आतड्यातही घडते का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी याची दोन उत्तरे दिली.

पहिल्या अभ्यासात ई. कोलायचे बीजे-४ हे वाण वापरले होते. स्ट्रेप्टोमायसिन देऊन उंदरांच्या आतड्यातील मूळ रहिवासी कमी केले आणि मग आरपीओएस असलेले व नसलेले असे दोन्ही जिवाणू एकत्र सोडले. मोठ्या आतड्याच्या या स्पर्धेत आरपीओएस नसलेले जिवाणू वरचढ ठरले. ई. कोलाय तिथे आतड्याच्या भिंतीवरील चिकट थरात राहतो आणि त्या थरातून सुटणाऱ्या ग्लुकोनेटसारख्या शर्करांवर गुजराण करतो. तिथला झगडा मुख्यतः खाण्याच्या वेगाचा असतो, आणि बेगमीचा भार नसलेला जिवाणू त्यात पुढे निघतो, असा याचा अर्थ लावता येतो.

दुसऱ्या अभ्यासात ई. कोलायचे ओ-१५७ हे रोगकारक वाण होते. गुरे या वाणाने आजारी पडत नाहीत, पण शेणातून ते पसरवतात आणि माणसाला त्यातून रक्ती जुलाब होतात. इथे आरपीओएस काढून टाकल्यावर जिवाणूची आम्ल सोसण्याची ताकद घटली आणि उंदीर व वासरे या दोन्हींच्या विष्ठेतून तो कमी संख्येने बाहेर पडला.

हे दोन निकाल एकमेकांना खोडतात असे वरवर वाटेल. माझ्या मते ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आतड्यापर्यंत जिवंत पोहोचणे हे एक काम, आणि तिथे पोहोचल्यावर भावकीशी स्पर्धा करत जागा धरणे हे दुसरे. पहिल्यात आरपीओएस तारते, दुसऱ्यात ते ओझे होऊ शकते. वाण, यजमान प्राणी आणि मूळ रहिवाशांची गर्दी बदलली की तराजूचे पारडेही बदलते. ‘अमुक जनुक आतड्यातील वस्तीसाठी आवश्यक’ असे ठळक वाक्य वाचताना कोणते वाण आणि कोणते आतडे, हे विचारायला हवे.

पटकीच्या जिवाणूची निघण्याची वेळ

आरपीओएसबद्दल आणखी एक पैलू पटकीच्या जिवाणूने दाखवला. हा जिवाणू लहान आतड्याच्या भिंतीला चिकटतो आणि विष सोडतो, त्यामुळे भाताच्या पेजेसारखे पाणी बाहेर पडते. भिंतीजवळ गर्दी वाढली, अन्न आटू लागले की त्याचे आरपीओएस जागे होते. सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून २००६ साली असे दिसले की या वेळी आरपीओएस जिवाणूला भिंतीपासून सुटण्याच्या आणि पोहण्याच्या मार्गाला लावते. जिवाणू द्रवात उतरतो आणि जुलाबाबरोबर बाहेर पडतो. आरपीओएस नसलेले जिवाणू भिंतीपासून सुटण्यात कमी पडले. इथे ताण-जनुके निघण्याची वेळ ठरवतात. उपाशी राहून तगण्याची तयारी केलेला जिवाणूच पुढे नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यात पडणार असतो, तेव्हा ही सांगड अर्थपूर्ण आहे. जुलाब हे आपल्या दृष्टीने लक्षण, त्याच्या दृष्टीने वाहन.

कॅम्पिलोबॅक्टरकडे तर ही कळच नाही

कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीचा संपूर्ण जनुकसंच २००० साली वाचून झाला. तो अवघा १६.४ लाख अक्षरांचा निघाला, म्हणजे ई. कोलायच्या निम्म्याहूनही लहान. त्यात सात नव्हे, तीनच सिग्मा प्रथिने सापडली आणि आरपीओएस त्यांत नव्हते. उष्णतेच्या ताणासाठी ई. कोलाय वापरतो ते वेगळे सिग्माही नव्हते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे या जिवाणूने बाहेरच्या जगात एक दिवसही काढू नये.

त्याच्याकडे मुख्य कळ नसली तरी सुटी हत्यारे आहेत. प्राणवायूची जहाल संयुगे निकामी करणारी विकरे त्याच्याकडे आहेत आणि त्यांच्यावर पेर-आर नावाचे प्रथिन नजर ठेवते. आकार बिघडलेल्या प्रथिनांना सावरणारे डीएनए-जे नावाचे प्रथिन आहे. १९९८ साली त्याचे जनुक निकामी करून पाहिले, तेव्हा असे जिवाणू नुकत्या उबवलेल्या कोंबडीच्या पिलांत वस्तीच करू शकले नाहीत. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४२ अंशांच्या आसपास असते, ही गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. आपल्याला जो कडक ताप, ते कोंबडीचे रोजचे जगणे, आणि कॅम्पिलोबॅक्टरला तेच मानवते. तापमानाशी जुळवून घेणाऱ्या रॅक-आर या दुसऱ्या नियंत्रकाचे जनुक काढल्यावरही पिलांतील वस्ती घटल्याचे पुढच्याच वर्षी दिसले. अन्नाची चणचण कळवणारा एक छोटा संदेशरेणू आहे, तो बनवता न येणारे कॅम्पिलोबॅक्टर हवेतील जादा प्राणवायूत आणि वाढ थांबलेल्या अवस्थेत टिकत नाहीत, असे २००५ मध्ये दिसून आले.

उरलेली भर परिस्थिती घालते. हा जिवाणू पाण्यात वाढत नाही, केवळ दिवस मोजतो. २५ अंशांच्या पाण्यापेक्षा ४ अंशांच्या पाण्यात तो जास्त काळ तगतो, कारण थंडीत त्याचे सगळे व्यवहार मंदावतात. पाइपच्या आतील बुळबुळीत थरात आणि पाण्यातील अमीबांच्या पोटात त्याला आसरा मिळतो, हेही प्रयोगांत आढळले आहे. आणि मुळात कोंबडीच्या आतड्यात तो ग्रॅममागे कोट्यवधींच्या संख्येने असतो, तेव्हा वाटेत बहुतांश मेले तरी काही शे उरतातच, आणि तेवढे पुरू शकतात.

स्वयंपाकघराला याचा काय उपयोग?

फ्रिजमध्ये ठेवलेले पाणी किंवा कोंबडी सुरक्षित झाली, हा समज या जिवाणूच्या बाबतीत उलटा आहे. थंडी त्याची वाढ थांबवते, पण त्याला जपतेही. कच्ची कोंबडी नळाखाली खळखळून धुतली की उडणाऱ्या थेंबांबरोबर तो ओट्यावर आणि शेजारच्या काकडी-टोमॅटोवर जातो, आणि कोशिंबीर शिजवली जात नाही. मात्र सुटी हत्यारे म्हणजे चिलखत नव्हे. व्यवस्थित उकळी आलेले पाणी, आतपर्यंत शिजलेले मांस आणि योग्य मात्रेतील क्लोरिन यांपुढे कॅम्पिलोबॅक्टर टिकत नाही. क्लोरिनची मात्रा टाकीपाशी तपासून भागत नाही, शेवटच्या नळाला ती उरली आहे का हे पाहावे लागते.

चांगल्या जिवाणूंनाही हेच नियम लागू आहेत का?

आहेत, आणि दोन उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. जुलाबावर डॉक्टर ज्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या देतात, त्यातल्या अनेकांत बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू असतात. बीजाणू हे ताण-प्रतिसादाचे टोक आहे : जाड कवच, जवळपास थांबलेले जीवन. ते जठराचे आम्ल सहज पार करतात. पण ते आतड्यात कायमचे घर करत नाहीत, काही दिवसांनी निघून जातात. म्हणून बाटलीवरचा जिवाणूंचा आकडा किती कोटी आहे यावरून तिथे किती काळ काय राहील हे सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण विषमज्वराच्या तोंडाने घ्यायच्या टीवाय-२१ए या जिवंत लसीचे. १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये तयार केलेल्या या लसीतील साल्मोनेला रासायनिक उपायांनी दुबळा केलेला आहे. पुढे १९९५ मध्ये लक्षात आले की त्याचे आरपीओएसही सदोष आहे, आणि नंतर दिसले की हा दोष मूळ वाणातच होता, कोणी मुद्दाम घातलेला नव्हता. आम्ल, उपासमार, प्राणवायूची संयुगे या सगळ्यांपुढे हा जिवाणू हळवा आहे. रोग न होण्याच्या दृष्टीने ते सोयीचे, पण लस म्हणून काम करायचे तर आतड्यापर्यंत जिवंत पोहोचायला हवे, म्हणून ती आम्लात न विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूलमधून आणि एक दिवसाआड अनेक मात्रांत द्यावी लागते. तेव्हापासून नव्या जिवंत लसी घडवणाऱ्यांपुढे हा पेच उघड आहे : ताण-जनुके शाबूत ठेवली तर जिवाणू वाटेत मरणार नाही, पण दुबळेपणा दुसरीकडून आणावा लागेल.

उंदीर आणि पिलांवरून माणसाचे सांगता येते का?

काही प्रमाणात. पटकीच्या जिवाणूला वस्तीसाठी आरपीओएस लागते का, यावर दोन प्रयोगशाळांनी तान्ह्या उंदरांवरच काम केले. १९९८ मध्ये एकीला ते लागत नसल्याचे दिसले, २००० मध्ये दुसरीला लागत असल्याचे. तान्ह्या उंदराच्या आतड्यात मूळ रहिवासी जेमतेम असतात, स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या उंदरात ते मारलेले असतात, आणि कोंबडीच्या पिलाला कॅम्पिलोबॅक्टरपासून आजारच होत नाही. प्रत्येक प्रयोगात माणसाच्या आतड्याची एखादीच बाजू धरलेली असते. स्वयंसेवकांवरील चाचण्या ही उणीव थोडी भरून काढतात, पण त्यांत निरोगी प्रौढ असतात. कुपोषित मूल, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणारी आजी किंवा नुकताच प्रतिजैविकांचा कोर्स संपवलेला माणूस यांच्या आतड्यात ताण आणि स्पर्धा यांचे प्रमाणच वेगळे असते, आणि तिथे कोणत्या जनुकाचे पारडे जड होईल हे त्या प्रमाणावर ठरते.